दुपारची बस

शाळेसमोर उभ्या बसच्या तोंडाशी घडीची खुर्ची उघडून व्हर्नेलने ठाण मांडलं. डोक्यावर रविवारी चर्चला घालतात तशी निळी टोपी, मांडीवर तळलेल्या कोंबडीचं पातेलं. दोन्ही बाजूंना चर्चच्या बाकीच्या बायका हातात हात गुंफून उभ्या राहिल्या.

“व्हर्नेल, ऊठ गं बाई,” ड्रायव्हर हॉलिन्सने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तो त्यांच्याच चर्चचा, दर रविवारी गाताना तिच्या मागच्या रांगेत उभा राहणारा. “माझी नोकरी घालवशील.”

“मग मला उडवून जा.”

“तेवढी टोपी वाचव रे,” ल्युलामावशी म्हणाली. “माझ्याकडून मागून आणलीय तिने.”

बायका खो खो हसल्या. हॉलिन्सने इंजिन बंद केलं.

अमेरिकेतल्या या मिलवॉकी शहरात वर्षभर हा तमाशा चालला होता. काळ्या वस्तीतल्या शाळेत मुलं मावेनात, म्हणून व्हर्नेलच्या लेकीचा, ओडेसाचा, अख्खा वर्ग शिकवणाऱ्या बाईंसकट या गोऱ्या शाळेत आणून बसवला होता, तोही वेगळ्या खोलीत. दुपार झाली की इथली मुलं तळघरातल्या हॉलमध्ये डबे उघडत, आणि ओडेसाचा वर्ग बसमध्ये कोंबून जेवायला आपल्या जुन्या शाळेत नेत. जेवण झालं की पुन्हा इकडे. एका छपराखाली पाढे म्हटलेले चालत होते. घास घेतलेला चालत नव्हता. व्हर्नेलच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आपली लेक इथल्या टेबलाशी बसून चार घास जेवावी, एवढंच तिला हवं होतं.

मुख्याध्यापक लिंडक्विस्ट कोट न घालताच थंडीत बाहेर आले.

“बाई, आमच्याकडे खरंच जागा नाही.”

“आमची पोरं बारीक आहेत, साहेब.”

“मला पोलिसांना बोलवावं लागेल.”

“बोलवा की,” ल्युलामावशी म्हणाली. “त्यांना पुरेल एवढं आणलंय.”

ते खोटं नव्हतं. मोजून रांधणं या बायकांच्या रक्तातच नव्हतं, आणि अन्न उघडल्यावर समोरचा माणूस रिकाम्या हाताने उभा राहणं त्यांना पाप वाटायचं. मग तो कुणी का असेना. साहेब नियम समजावून सांगत असतानाच मावशीने त्यांच्या हातात ताट दिलं. त्यावर कोंबडी, मक्याचा पाव, वर ओतलेला रस्सा. दोन्ही हातांत गरम ताट धरून माणूस रागावणार तरी कसा? बसच्या खिडक्यांना नाकं चिकटवून पोरं त्या ताटाकडे बघत होती. लिंडक्विस्टांनी ताट ठेवायला इकडेतिकडे पाहिलं. फुटपाथवर सगळा बर्फ.

“फक्त आजचा दिवस,” ते पुटपुटले आणि टेबलाच्या शोधात आत वळले. त्यांच्यामागून पातेली, बायका आणि पोरं अशी वरातच निघाली.

व्हर्नेल मात्र उठली नाही. आपण हललो की बस पोरांना पुन्हा कोंबून घेऊन जाईल, अशी तिला धास्ती होती. पाय गारठून गेले, तरी मनाने ती आत टेबलाशी होती. आता ओडेसा बसली असेल, आता पाव मोडला असेल.

घंटा व्हायच्या बेतात ओडेसा धावत आली. रिबन सुटलेली, गाल तापलेले. हातात कागदाने झाकलेलं ताट होतं. व्हर्नेलने कागद उचलला. ताट जसंच्या तसं होतं.

तिने लेकीचा चेहरा न्याहाळला.

“कुणी काही बोललं का गं? उठवलं तुला?”

“नाही गं, आई! इथल्या मुलींना एकाच दोरीवर उड्या मारता येतात. एकाच! मी म्हटलं, अजून एक दोरी आणा, दोन्ही एकदम फिरवा. मग सगळ्याच मागे लागल्या, मला शिकव, मला शिकव. ती लाल केसांची तर चारदा आपटली!” ओडेसाला दम लागला होता. “जेवायला वेळच नाही मिळाला.”

घंटा झाली. ताट आईच्या मांडीवर टाकून ती पळालीसुद्धा.

हॉलिन्स खिडकीतून वाकला. “काय गं, जेवली का पोरगी?”

“एक घास खाल्ला नाही मेलीने!” व्हर्नेल रस्त्यापलीकडे ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, आणि लेकीच्या ताटातली गार तंगडी उचलून तिने मनापासून लचका तोडला.