दाराबाहेर ठरलेलं

झाडूवाली वॉर्डातली फरशी पुसून गेली, की पलंगावर पडलेल्या टेलरबाई मनातल्या मनात एखादा फ्रॉक बेतायला घेत. हात रिकामे राहिले तर विचार डोकं पोखरतात, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या आतड्याच्या ऑपरेशनला बारा दिवस झाले होते. तोंडाने पाण्याचा घोटही बंद होता. सगळं पोषण गळ्याच्या उजव्या बाजूला घातलेल्या नळीतून जायचं. ही नळी मोठ्या शिरेतून पार हृदयाच्या तोंडाशी पोहोचते, असं सिस्टरांनी सांगितलं होतं. त्यामुळे मान वळवायचीही चोरी. खिडकी उजवीकडे होती, आणि तिच्यातून काय दिसतं हे बाईंना बारा दिवसांत कळलं नव्हतं. समोर होतं ते दार, आणि दाराबाहेर चाललेलं त्यांच्याविषयीचं बोलणं.

तशी इथली रीतच होती. डॉक्टर येत, "काय, बरं आहे ना?" म्हणत, आणि उत्तर पुरं व्हायच्या आत नवऱ्याला खुणेने बाहेर बोलावत. मागोमाग थोरले दीर, म्हणजे दादा, जात, आणि दार लागे. नवरा स्वभावाने गरीब, चपला घ्यायच्या तरी आधी दादांना विचारणारा. दादा जे ठरवतील ते घर ऐकायचं, आणि बाईंच्या कानावर ते आलंच तर शेवटी यायचं. तीस वर्षं गावाची मापं घेतलेल्या या बाईला स्वतःच्या अंगाचं काय ठरलं, ते विचारायची सोय नव्हती.

चार दिवसांपासून एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली होती. सकाळी सिस्टर सिरिंजने सलाइन सोडून नळी धुवायच्या, आणि अर्ध्या तासात बाईंना थंडी भरायची. दात वाजायचे, पलंग हलायचा. मग ताप चढायचा आणि घाम येऊन उतरायचा. शिवणयंत्र कुठे अडतंय हे नुसत्या आवाजावरून ओळखणाऱ्या बाईला एवढं कळायला कितीसा वेळ लागणार? त्यांनी नवऱ्याला सांगितलं, नवऱ्याने दादांना. दादा म्हणाले, ती हळवी आहे, तिला घरी पंखाही सोसत नाही. नळी धुतली की थंडी भरते, ही गोष्ट डॉक्टरांपर्यंत गेलीच नाही; त्यांना तक्त्यावरचा ताप तेवढा दिसायचा. घरून एक जाड पांघरूण तेवढं आलं. बाईंना त्या पांघरुणाचा भयंकर राग आला, आणि तेच अंगावर ओढून त्या कुडकुडत राहिल्या.

बाराव्या दिवशी सकाळी नवीन सिस्टर आल्या. त्यांनी गळ्यावरची पट्टी सोडवली आणि त्या थबकल्या. नळीच्या तोंडाशी लालभडक झालं होतं, कडेला पू दिसत होता.

"मावशी, ही तर तीन दिवसांपूर्वीच काढायची होती. तुम्हीच नको म्हणालात ना?"

"मी?"

सिस्टरांनी जरा घुटमळत फाइल पुढे केली. ताप येतोय, नळी बदलणं बरं, असा डॉक्टरांचा शेरा होता. खाली लिहिलं होतं, 'रुग्णाची पुन्हा टोचून घेण्यास तयारी नाही.' त्याखाली दादांची वळणदार सही.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. आपण कधी नाही म्हणालो, हे त्या खरोखरच आठवू लागल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला कुणी विचारलंच नव्हतं.

तेवढ्यात दोघे भाऊ आत आले. बाईंनी फाइल नवऱ्यापुढे धरली. तो म्हणाला, तू घाबरशील असं दादांना वाटलं. दादांनीही लपवाछपवी केली नाही. असल्या गोष्टी बायकांना सांगून जीव टांगणीला लावायचा नसतो, तुझी टोचाटोची वाचवली, असं ते म्हणाले. ते मनापासून बोलत होते. बारा दिवस हाच माणूस बाहेरच्या लाकडी बाकावर बसून होता.

सिस्टरांनी सिरिंज भरली होती. बाईंनी नळीच्या तोंडावर हात ठेवला.

"आता यातून काही जायचं नाही. आधी डॉक्टरांना बोलवा."

"लोक बघताहेत," दादा दबक्या आवाजात म्हणाले. "उगाच तमाशा नको."

बाईंचा हात हलला नाही. डॉक्टर आले आणि सवयीने नवऱ्याला बाहेर चलायची खूण करू लागले.

"डॉक्टर, आजारी मी आहे. इथेच बोला."

डॉक्टर स्टूल ओढून बसले. बाईंनी चार दिवसांच्या थंडीच्या वेळा घड्याळासकट सांगितल्या. ऐकता ऐकता डॉक्टरांचा चेहरा उतरत गेला. हे आपल्याला कुणीच सांगितलं नाही, असं ते पुटपुटले. तुम्ही मला विचारलं नाहीत, बाई म्हणाल्या. तासाभरात नळी निघाली. रक्त तपासायला गेलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर पुन्हा पलंगाशी बसले. नळीतले जंतू रक्तात उतरले होते, आणि तिथून हृदयाच्या एका झडपेवर जाऊन बसले होते. सहा आठवडे औषध चालणार होतं. तेवढ्याने भागलं नाही तर हृदयाचं ऑपरेशन करावं लागणार होतं.

"तेव्हाच काढली असती तर?" बाईंनी विचारलं.

डॉक्टरांनी हातातली फाइल मिटली. "बहुतेक इथवर आलं नसतं. मी तुम्हाला विचारायला हवं होतं."

नवरा भिंतीला टेकून रडू लागला. दादा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते.

"मी तुझ्या भल्यासाठीच केलं गं."

"माहीत आहे, दादा," बाई म्हणाल्या. "म्हणूनच तर तुम्हाला कुणी अडवलं नाही."

आपल्यापैकी किती जणांच्या भल्याचं असंच दाराबाहेर ठरत असेल?