सहावी मुलाखत

"'वस्त्रोद्योग हा भारतीय अर्थव्यवस्थेचा कणा आहे.' हे वाक्य कुणाचं?"

साबेरा उभी होती. वर्गातली बाकीची पोरं तिच्याहून चौदा-पंधरा वर्षांनी लहान. दोघी-तिघी खाली मान घालून हसू दाबत होत्या. हिरेमठ सर तिचा प्रकल्प हातात धरून पहिल्या बाकाशी थांबले होते.

"माझं, सर."

"नक्की?"

रविवारची सगळी दुपार घालवून तिनं मोबाइलवरून ती आठ पानं उतरवून काढली होती. अक्षर सुरेख, समास आखलेले, मथळे लाल शाईनं.

"मोबाइलवरचं हाय, सर."

आता कॉलेजातून नाव कापणार, असं तिला वाटलं. सरांनी आवाज चढवला नाही. "तुम्ही अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात काम करता ना? तिथं तुम्ही स्वतः काय बघितलंय, एवढंच सांगा."

काहीतरी बोलायला हवं म्हणून ती बोलून गेली, "आमच्याकडं कुणी बोलत न्हाई, सर. हात करतात."

"म्हणजे?"

"मागांचा आवाज लई. कानाला तोंड लावलं तरी कळत न्हाई. मग हातानं सांगायचं, न्हाईतर ओठ बघायचे."

हसू दाबणाऱ्या पोरींनी वर बघितलं. सरांनी ती आठ पानं तिच्या हातात परत दिली. "हे लिहा. 'संशोधन व लेखनकौशल्ये' हा विषय याच्यासाठीच आहे."

साबेरा चौतीस वर्षांची होती. बारावी तिनं लग्नानंतर बाहेरून दिली होती. शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांतून ती सकाळी सातला कॉलेजला निघे, अकराला कारखान्यात पोचे आणि सातपर्यंत टॉवेलांच्या काठांना शिलाई मारत बसे. पदवी कशाला हवी, असं कुणी विचारलं तर तिला सांगता येत नसे. नवरा चांदसाब टेम्पो चालवायचा. त्यानं एकदाच विचारलं होतं, "क्या करनेका गे पढके?" ती म्हणाली होती, "देखते की." त्यावर त्यानं पुन्हा काही विचारलं नव्हतं.

पुढच्या महिनाभरात सरांनी जे शिकवलं ते तिनं शब्दन् शब्द उतरवून घेतलं. आधी बघायचं, मग विचारायचं. ज्याला विचारायचं त्याला कशासाठी विचारतोय ते सांगायचं आणि त्याची हरकत नाही ना, याची खात्री करायची. तारीख टाकायची. माणूस बोलला तेच लिहायचं, आपल्याला वाटलं ते नाही. खरं नाव द्यायचं नाही, अ-ब-क म्हणायचं. शेवटी 'मर्यादा' म्हणून एक परिच्छेद लिहायचा. आपल्याला काय कळलं नाही, काय करता आलं नाही, ते त्यात कबूल करायचं.

हा शेवटचा मुद्दा तिला अजब वाटला होता. चुका लपवायच्या असतात, एवढंच तिला आजवर माहीत होतं.

तिनं सहा जणांना विचारायचं ठरवलं. पाच जणांनी हसून उत्तरं दिली. कानात गुणगुणतं का? हो, रात्री गुणगुणतं. कमी ऐकू येतं का? नाही बाई, कान चांगलेत. सगळ्यांचे कान चांगले होते. वहीत पाच वेळा 'कान चांगले' असं लिहिल्यावर साबेराला वाटलं, आपला प्रकल्प संपला.

सहावी सुंदरम्मा. बावन्न वर्षांची, तेलुगू विणकर घरातली, अठ्ठावीस वर्षं कांड्या भरणारी. मागावर इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात बसवायच्या त्या छोट्या कांड्यांवर दिवसभर सूत गुंडाळायचं, हे तिचं काम. साबेरा नवीन आली तेव्हा कारखान्यातली हातांची भाषा तिला सुंदरम्मानंच शिकवली होती. दुपारी दोघी एकाच डब्यातलं खायच्या.

बघायचं म्हणून बघायला लागल्यावर साबेराच्या एक गोष्ट लक्षात आली. लाइट गेली की माग थांबत, एकदम शांतता पडे आणि सगळे तोंडानं बोलायला लागत. तेवढ्यात सुंदरम्मा उठून नळावर जाई. दर वेळी. लाइट येईपर्यंत तोंड धूत राही.

एका दुपारी साबेरानं तिला कारखान्यामागच्या कडुलिंबाखाली नेलं, प्रकल्पाचं सगळं सांगितलं आणि विचारलं. सुंदरम्मा बराच वेळ तिच्या ओठांकडं बघत राहिली. मग म्हणाली, "डावा कान गेलाय. चार वर्सं झाली. हितं कुणाला म्हाईत न्हाई. आवाजात समदेच बहिरे की. लपून जातंय."

"सांगितलं का न्हाईस, अक्का?"

"मागं एकाला काढलं न्हवं? कानानं आयकत न्हाई, मशीनवर कायतरी होईल म्हणून. माज्या घरात मी एकटी कमावती." मग ती हसली. "लिव तू. नाव नको."

साबेरानं लिहिलं. सरांनी वहीतला कच्चा मसुदा वाचला आणि सोळाव्या पानाच्या समासात हिरव्या शाईनं शेरा लिहिला : 'हा प्रकल्पाचा गाभा. निष्कर्ष यावरच बांधा.' तिनं तो शेरा घरी तीनदा वाचला. आपण लिहिलेलं कुणाला इतकं महत्त्वाचं वाटेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

पुढच्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीनंतर ती नळावरून परत आली तेव्हा तिच्या शिलाई मशीनजवळ मुकादम रुद्रप्पा उभा होता. तिची कापडी पिशवी खुर्चीवर आडवी पडलेली, आणि वही त्याच्या हातात.

तो चष्मा लावून, ओळीखाली बोट फिरवत सावकाश वाचत होता. माग चालू होते. साबेराचे पाय जागीच थांबले. वही उघडलेली जागा तिला लांबूनही ओळखता आली, कारण सरांची हिरवी शाई फक्त त्याच पानावर होती.

रुद्रप्पानं वर बघितलं. त्याचे ओठ हलले. *हे काय?*

*कॉलेजचं,* तिनं ओठांनीच सांगितलं.

त्यानं पुन्हा खाली बघितलं. तेच पान पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग वही मशीनवर ठेवली आणि जवळ येऊन तिच्या कानाशी ओरडला, "मालकास्नी ठावं हाय का हे?"

तिनं नकारार्थी मान हलवली. तो निघून गेला.

तिनं ते पान वाचलं. 'फ या महिला अठ्ठावीस वर्षांपासून कांड्या भरण्याचे काम करतात.' कारखान्यात कांड्या भरणाऱ्या बायका तीन. बाकीच्या दोघी लॉकडाऊननंतर आलेल्या. 'फ' म्हणून तिनं काय लपवलं होतं? काहीच नाही. नाव सोडून तिनं सगळं सांगितलं होतं.

त्या दिवशी तिचं बोट मशीनच्या सुईखाली गेलं. बुधवारी ऑफिसचं दार उघडलं की ती शिलाई थांबवून तिकडं बघे. रुद्रप्पा दोनदा ऑफिसात जाऊन आला, दोन्ही वेळा तिच्याकडं न बघता गेला. गुरुवारी मालकांची गाडी वेळेआधी आली. साबेरानं त्या तासाभरात शिवलेले टॉवेल नंतर उसवून पुन्हा शिवावे लागले. तिला स्वतःचं काम जाण्याची भीती नव्हती असं नाही, पण कांड्यांच्या मशीनवर बसलेल्या, काहीच कल्पना नसलेल्या सुंदरम्माची पाठ दिसली की ती मान खाली घालून शिलाई मारत राही.

घरी चांदसाब म्हणाला, "तीन दिनसे खाना नै खाती. क्या हुआ?"

"कुछ नै. परीक्षा है ना."

सांगायला तर हवंच होतं. पण कसं? कारखान्यात ओठांनी सांगावं तर प्रत्येक जण ओठ वाचणारा. बाहेर बोलावून मोठ्यानं सांगावं तर सगळ्यांना ऐकू जाणार. उजव्या कानाशी कुजबुजावं तर ती कान न देता वळून ओठांकडंच बघे. लिहून द्यावं तर सुंदरम्माला मराठी वाचता येत नव्हतं. जिला नीट ऐकू येत नाही तिला गुपित सांगायचं, याचा उपाय सरांनी वर्गात शिकवलेला नव्हता.

शुक्रवारी दुपारी ती पुन्हा तिला लिंबाखाली घेऊन गेली. कारखान्याकडं पाठ करून उभी राहिली, म्हणजे तिचा चेहरा फक्त सुंदरम्माला दिसेल. आवाज न काढता, एकेक शब्द सुटा करत तिनं सांगितलं. वही. मुकादम. सोळावं पान.

सुंदरम्माचा चेहरा हळूहळू पांढरा पडला. ती ओरडली नाही. म्हणाली, "काय लिवलीस ते वाच."

साबेरानं पिशवीतून वही काढून वाचलं. तसंच, ओठांनी. 'फ यांच्या डाव्या कानाची श्रवणशक्ती चार वर्षांपूर्वी गेली आहे...'

"डावा न्हाई," सुंदरम्मानं तिला थांबवलं. "दोनी."

साबेराच्या हातातली वही खाली आली.

"तुला बी डावाच म्हनलं. तुला बी भिले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "तुजा आवाज कसा हाय, मला म्हाईत न्हाई, साबेरा. आईकलाच न्हाई कदी."

दोघी चार वर्षं एका डब्यात जेवत होत्या.

"माफ कर, अक्का. मी चुकले."

"ते पान फाडून दे."

तिनं फाडून दिलं. सुंदरम्मानं ते दोन्ही बाजूंनी उलटून बघितलं. "ह्यात माजं कुटलं?" साबेरानं बोट ठेवून दाखवलं. तेवढ्या ओळींवरून सुंदरम्मानं अंगठा फिरवला, पानाची बारीक घडी केली आणि कमरेला खोचली. मग साबेराच्या पुढं निघून कारखान्यात गेली.

तोंडी परीक्षा सोमवारी होती. शनिवार-रविवारच्या दोन सकाळी बसून साबेरानं सोळाव्या पानापासूनचं सगळं पुन्हा लिहिलं. सहावी मुलाखत गेली तसा निष्कर्षही गेला. लाइट गेल्यावरचं, नळावर तोंड धुण्याचंही तिनं काढलं, कारण त्यावरूनही कुणी ओळखलं असतं. उरलं ते पाच जणांचं 'कान चांगले'. शेवटच्या परिच्छेदात तिनं एक वाक्य वाढवलं : 'एका व्यक्तीने दिलेली माहिती त्या व्यक्तीच्या इच्छेनुसार मागे घेतली आहे.'

बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी चष्मा सारखा करून ते वाक्य वाचलं. "काय माहिती होती?"

शेजारी हिरेमठ सर बसले होते. त्यांनी कच्चा मसुदा वाचला होता, त्यांना सगळं माहीत होतं. ते एका शब्दानं सांगू शकले असते.

"सांगता येत न्हाई, मॅडम."

"अहो, इथं कोण बाहेर सांगणार आहे? पाच जण म्हणतात आम्हाला ऐकू येतं. मग तुमच्या संशोधनात नवीन काय सापडलं?"

"काही न्हाई, मॅडम."

"पुरावा काढून घेतल्यावर काही उरत नाही, हे लक्षात नाही आलं तुमच्या?"

"आलं की."

बाईंनी सरांकडं बघितलं. सर टेबलावरच्या कागदांकडं बघत होते. बाईंनी गुणपत्रिकेवर आकडा लिहिला. साबेराला तो उलटा दिसला : पन्नासपैकी एकवीस. पास होण्यापुरते.

व्हरांड्यात सर मागून आले. "मी तो शेरा लिहायला नको होता," म्हणाले. "आधी विचारायला हवं होतं, ही बाई ओळखू तर येणार नाही ना. मी शिकवतो, माझ्या लक्षात यायला हवं होतं." ती प्रकल्प छातीशी धरून जिना उतरली.

अकराला ती कारखान्यात पोचली. कांड्यांच्या मशीनवर सुंदरम्मा होती. म्हणजे अजून काढलं नव्हतं. साबेरा आपल्या जागी बसली, पण पायडलवर पाय ठेवायचा धीर होईना.

साडेअकराच्या सुमाराला रुद्रप्पा ऑफिसातून बाहेर आला आणि थेट कांड्यांच्या मशीनकडं चालू लागला. साबेरा अर्धवट उठली. सुंदरम्माची पाठ त्याच्याकडं होती. तो मागून तिच्या खांद्यापाशी पोचला, थांबला, आणि तिला हात न लावता, हाक न मारता, मशीनला पूर्ण वळसा घालून तिच्या समोर जाऊन उभा राहिला. ती वर बघेपर्यंत थांबला. मग तोंड नीट उघडून, सावकाश काहीतरी म्हणाला. सुंदरम्मानं मान डोलावली. त्यानं बोटानं सुताचा रंग दाखवला आणि परत फिरला.

साबेराच्या मशीनवरून जाताना तो क्षणभर थांबला. तिच्या कानाशी वाकून म्हणाला, "पुना वही हितं आणू नगंस."

ती खाली बसली. म्हणजे त्याला कळलं होतं. सहा दिवसांपूर्वीच कळलं होतं आणि त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगितलं नव्हतं. उद्याचं कोण जाणे.

दुपारची सुट्टी झाली. माग एकामागून एक थांबले. साबेरानं डबा घेतला आणि लिंबाखाली गेली. सुंदरम्मा आधीच तिथं आली होती, पण नेहमीच्या दगडावर नव्हती. पलीकडं, कंपाउंडच्या भिंतीकडं तोंड करून बसली होती. भाकरी मोडून एकटीच खात होती.

साबेरा डबा धरून तिच्या मागं चार पावलांवर उभी राहिली. "अक्का," ती म्हणाली. मग थोडं मोठ्यानं, "अक्का."

सुंदरम्मा भिंतीकडं बघत जेवत राहिली.