घासून बसवलेली रॅम

दंतोबाला आपल्या हातांचा भारी अभिमान होता, आणि अभिमानाचं शेवटी जे होतं तेच त्याचंही झालं. ही गोष्ट पुढे तोच सगळ्यांना रंगवून सांगायचा, म्हणून आपणही लाजायचं कारण नाही.

दंतोबा हे शेजाऱ्यांनी ठेवलेलं नाव. तो कवळ्या बनवायचा. दातांच्या डॉक्टरकडून माप यायचं, त्यावरून हा कवळी घडवायचा आणि कुठे टोचलीच तर बारीक कानशीने घासून बसवायचा. एक वस्तू दुसरीत बसत नसेल तर त्याचा अर्थ कुणीतरी घासायचा कंटाळा केलाय, एवढं साधं त्याचं तत्त्वज्ञान होतं.

बायको इमारतींचे नकाशे काढायची. मुलगी लहान होती तेव्हा तिने काम सोडलं होतं. आता मुलगी शिकायला परगावी गेली आणि इतक्या वर्षांनी हिला पहिलं काम मिळालं. सोमवारी नकाशा द्यायचा होता. तो वेळेत गेला नाही तर पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण घरातला कॉम्प्युटर अगदी रुसका. नकाशातला एक जिना इकडचा तिकडे करायला सांगितला की आधी घरघरायचा, मग गप्प व्हायचा.

"रॅम कमी पडतेय," दंतोबाने निदान केलं.

"सोमवारनंतर बघू," बायको म्हणाली.

पण तोवर दम धरला तर तो दंतोबा कसला. आपलीही या कामाला काही मदत झाली पाहिजे, असं त्याला मनापासून वाटत होतं. खरं सांगायचं तर बायको हल्ली त्याच्याशिवायही छान रमायची, आणि ते त्याला जरा बोचत होतं. त्याने चौकशी सुरू केली. भाच्याला फोन केला. कामावरच्या मंडळींना विचारलं. कवळी न्यायला आलेल्या एका आजोबांनाही विचारलं. त्यांच्या तोंडात दात नव्हते म्हणून त्यांनी नुसती मान हलवली, आणि दंतोबाने तो होकार धरला.

शनिवारी बायको इमारतीच्या जागेवर मापं घ्यायला गेली आणि हा दुकानात.

"बोर्ड कोणता आहे? डीडीआर थ्री लागते की फोर?" दुकानदाराने विचारलं.

"चांगली असेल ती द्या. नवी."

"तसं नसतं काका. रॅमची जुनी पट्टी काढून आणा, तिच्याशी ताडून देतो. दोन्हींची खाच वेगळ्या जागी असते. एकीच्या जागी दुसरी बसत नाही."

"खाचेचं मी बघतो," दंतोबा म्हणाला. वाकडंतिकडं माप पाठवणाऱ्या डॉक्टरांना 'अंदाजाने दात होत नसतात' असं फोनवर सुनावणारा माणूस हाच.

घरी येऊन त्याने कॉम्प्युटरचा खोका उघडला. आत एक पट्टी होती आणि शेजारी एक जागा रिकामी. नवी पट्टी त्या जागेवर धरली तर खाच जराशी बाजूला. जराशीच! दंतोबाला हसू आलं. त्याने भिंग लावलं, कानस घेतली आणि खाच रुंद करायला बसला. थोड्या वेळाने पट्टी जागेवर गेली, म्हणजे अंगठ्याने दाबल्यावर गेली. 'कट' असा आवाज झाला. बसल्याचा असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा मात्र काळाच. मग नव्या पट्टीतून जळका वास आला. दंतोबाने वायर उपटली, नवी पट्टी काढली, घाबरून जुनीही काढली, परत घातली, पुन्हा बटण दाबलं. पडदा काळाच. सोमवारचा नकाशा आत होता आणि बाहेर जिन्यावर बायकोची पावलं वाजत होती.

वीज गेली होती म्हणावं? मशीन जुनंच होतं म्हणावं? त्याने तीन थापा रचल्या आणि तिन्ही त्याला स्वतःलाच पटल्या नाहीत. दार उघडून बायको आत आली. तिने खोका पाहिला, कानस पाहिली, नवऱ्याच्या मांडीवरचा चुरा पाहिला.

"घासलीत?"

"थोडी."

तिने पर्स ठेवली, वायर काढली, जुनी पट्टी अलगद उचलली. टेबलावरचं खोडरबर घेऊन तिच्या सोनेरी कडा पुसल्या, पट्टी परत जागेवर ठेवली आणि दोन्ही बाजूंच्या कड्या मिटेपर्यंत दाबली. बटण दाबलं. पडदा उजळला. नकाशा जिथल्या तिथे होता.

दंतोबा बघतच राहिला. "हे तुला कसं येतं?"

"गेली चार वर्षं मीच तर उघडतेय. रुसला की असंच करावं लागतं. याला थ्री लागते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आजोबांनाही विचारलंत म्हणे," ती खुर्ची ओढत म्हणाली. "मला कुठे विचारलंत?"

दंतोबाला स्वतःची लाज वाटली, पुरती लाज. ती काम करू लागली. जिना हलला, घरघर झाली, ती शांतपणे थांबली. तो मागे उभा राहून पडद्यावरच्या रेघा पाहत होता. त्यात बुटक्या बुटक्या बेसिनांची एक रांग होती. बेसिनं इतकी खाली का, ते त्याला कळेना. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की ही इतके दिवस काय काढतेय तेच आपल्याला माहीत नाही.

"ही कसली इमारत आहे गं?" त्याने विचारलं.

तिचा हात माउसवर थांबला. मान न वळवता तिने शेजारचं स्टूल पायाने पुढे सरकवलं.

"पाळणाघर," ती म्हणाली. "बसा, दाखवते."