एक कोयता

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. पंधरा वर्षं मी मुकादम आहे, दर दिवाळीनंतर टोळी घेऊन कर्नाटकात जातो, आणि अर्ध्या कोयत्यांशी माझं कधी जमलं नाही. म्हणून दिपाली आणि वर्षाराणी पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना दारात उभं केलं नाही. दिपाली बाहेरूनच म्हणाली, "आमी दोगी मिळून एक कोयता हाव. आठ दिस बघा."

आठव्या दिवशी माझं तोंड बंद झालं. दिपाली ऊस तोडायची, वर्षाराणी मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकची शिडी चढायची, आणि माझे दांडगे गडी मागे पडायचे. दोघी पाचटाच्या एका कोपीत, म्हणजे झोपडीत, राहायच्या, एका ताटात जेवायच्या. टोळीला काय कळायचं ते कळलं होतं. कारखान्यावर कोणी विचारलंच तर मी मावसबहिणी म्हणून सांगायचो. मुकादमाला खोटं बोलायला काय लागतं?

गेल्या हंगामात वर्षाराणीला साप चावला. दवाखान्यात नातेवाइकाची सही मागितली. दिपाली पुढे झाली, तर तिला "तुम्ही कोण?" विचारलं. मी "भाऊ" लिहून सही ठोकली. वर्षाराणी वाचली. दिपाली दोन दिवस फाटकाबाहेर बसून होती, आणि मी माझ्या हुशारीवर खूश होतो.

या उन्हाळ्यात गावच्या ग्रामसभेत ऊसतोड कामगारांच्या ओळखपत्राचे अर्ज भरायला घेतले. दिपालीचा अर्ज बघून ग्रामसेवक थांबला. जोडीदाराच्या रकान्यात वर्षाराणीचं नाव होतं.

"ताई, इथं नवऱ्याचं नाव लिहायचं."

"नवरा न्हाई. ही हाय."

मागून कोणीतरी फिदीफिदी हसलं.

"असं लग्न कोर्टाने मानलेलं नाही," ग्रामसेवक म्हणाला.

"ठावं हाय. म्हणून मागूच नाय का? हिला साप चावला तवा मुकादम भाऊ झाले अन् मी फाटकाबाहेर. उद्या ही मेली तर मला तोंड तरी बघू देतेल का? लग्न झालेल्या समद्यांना जे हाय तेच मागतोय. जास्त न्हाई."

तिचा आवाज जरासुद्धा चढला नव्हता. वर्षाराणी उठून तिच्या शेजारी गेली आणि भर सभेत तिने दिपालीचा हात धरला. पुढारी पाहिलेत, गुंड पाहिलेत, पण एवढी हिंमत मी कोणाचीच पाहिली नव्हती. मला त्या दोघींकडे बघतच राहावंसं वाटलं.

"मुकादम, साक्षीदार तुम्ही," ग्रामसेवक म्हणाला. "या दोघी एकमेकींच्या कोण?"

मावसबहिणी हा शब्द अगदी ओठांवर आला. दिपाली माझ्याकडे बघत होती.

"एक कोयता," मी म्हणालो.

आमच्या बीडमध्ये याचा अर्थ कोणाला सांगावा लागत नाही. नवऱ्याबरोबर तीस वर्षं ऊस तोडलेल्या सावित्रीबाई पुढच्या रांगेतून ओरडल्या, "मग लिवा की सायेब! काहून थांबलात?"

"अर्ज परत येईल," ग्रामसेवक पुटपुटला.

"आला तर परत भरू," दिपाली म्हणाली.

मी सही केली. खाली विचारलं होतं, साक्षीदाराचं अर्जदाराशी नातं. मी लिहिलं, मुकादम. वर्षाराणीने वाकून ते वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आता बरोबर हाय."