पाव्हण्यांचा तंगूस

घरजावयाला गावात दोनच कामं असतात, राबायचं आणि टोमणे ऐकायचे. हिंदुराव मोशीत दोन्ही बिनतक्रार करत होता. सकाळी सायकल मारत पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात जायचा आणि परतला की सासऱ्याच्या मळ्यात मोट हाकायचा. आईबाप लहानपणीच गेलेले. चाकणच्या पलीकडं, जिथं प्यायच्या पाण्याची मारामार, तिथं चुलत्याच्या ओसरीवर तो वाढला. शकूशी लग्न लागून इंद्रायणीकाठी आला तेव्हा, खोटं कशाला बोला, त्याला बायकोपेक्षा बापाचीच हौस जास्त होती.

सासरा सावळाराम. सगळे त्याला तात्या म्हणत. गड्यांना 'अरे गाढवा' म्हणून हाक मारणारा हा माणूस जावयापुढं मात्र लोण्यासारखा मऊ व्हायचा. 'पाव्हणं, जेवून घ्या.' 'पाव्हणं, ऊन लागंल, सावलीला या.' लग्नाला तीन वर्षं होऊन गेली, तरी हा पाहुणा काही जुना होईना. बसायला घोंगडी अंथरली जायची, दूध वरच्या सायीसकट मिळायचं आणि हिंदुरावाला त्या सायीचाच राग यायचा. एकदा तरी, कशावरून का होईना, तात्यानं आपल्याला 'अरे गाढवा' म्हणावं एवढीच त्याची इच्छा होती. लोकांच्या इच्छा बैलजोडीच्या असतात, याची ही असली.

गावाखालच्या डोहात मोठाले कटले मासे होते. गवराबाई, म्हणजे सासूबाई, धुण्याला गेली की त्यांना पिठाच्या गोळ्या टाकायची, त्यामुळं ते भरदिवसा पाण्यावर तोंडं काढून हिंडायचे. एका रविवारी हिंदुरावानं पुण्याच्या बोहरी आळीतून तंगूस आणला, हा नवीन निघालेला नायलॉनचा पारदर्शक दोरा, आणि तात्याला म्हणाला, "मला मासा धरायला शिकवा."

तात्यानं गवराबाईकडं पाहिलं. गवराबाईनं चुलीकडं पाहिलं.

"शिकवतो की," तात्या म्हणाला. "त्यात काय अवघड हाय?"

आणि त्यानं मन लावून शिकवलं. भाकरीचा वरचा पापुद्रा गळाला लावायचा म्हणजे तो तरंगतो. मासा तोंड लावेल तेव्हा हिसका द्यायचा नाही, तो पापुद्रा घेऊन खाली वळेपर्यंत दम धरायचा. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करायची, कोरडी आवळली की दोरा स्वतःलाच कापतो. मासा पळाला की काठीच्या फिरकीवरनं ढील द्यायची, अडवायचं नाही. "तुटतो तो आपल्या घाईनं, माशाच्या ताकदीनं न्हाई," असं सांगताना तात्यानं मागं उभं राहून जावयाचं मनगट धरलं आणि ढील कशी द्यायची ते हातात हात घेऊन दाखवलं. हिंदुरावाचं मनगट असं कुणी कधी धरलं नव्हतं. कारखान्यात आठवडाभर तो त्या मनगटाकडं अधूनमधून बघत होता.

एक काम मात्र तात्यानं स्वतःकडं ठेवलं. गळ टाकण्याआधी तंगूस बोटांतून फिरवून कुठं चरा पडलाय का ते बघायचं. "ते माझ्याकडं द्या पाव्हणं. तुमची नजर कोवळी हाय." ओठातली विडी बोटात धरून तो हातभर दोरा हळूहळू तपासायचा आणि मान हलवून परत द्यायचा.

पहिल्या रविवारी तंगूस तुटला. दुसऱ्या रविवारीही. हिंदुरावाला वाटलं आपण हिसका दिला. मग वाटलं गाठ चुकली. मग ढील कमी पडली. तो घरी खाटेच्या पायाला दोरा बांधून गाठी घालायला बसायचा, शकू पोटभर हसायची आणि वर "येईल हो जमून" असा धीरही द्यायची. शेजारचा बाळाजी नदीवर भेटला की विचारायचा, "काय पाव्हणं, आज माशांना किती गळ चारलं?" हिंदुरावही हसायचा. शिकाऊ माणसानं हसून घ्यावं, दुसरं काय करणार?

पुढच्या खेपेला इतका मोठा मासा लागला की काठी वाकली. त्यानं ढील दिली, घाई केली नाही, दगडापासून काठी लांब ठेवली. सगळं तात्यानं सांगितलं तसंच केलं. तरी मासा वळला आणि तंगूस तुटून सैल पडला. तात्या हळहळला, पाठीवरून हात फिरवून मळ्याकडं गेला. हिंदुराव काठावर बसून तुटलेलं टोक बघत राहिला. टोकाला बारीकसा कडक मणी झाला होता. वितभर वर आणखी एक डाग होता, चपटा, पिवळसर, अजून न तुटलेला. पहिल्या दिवशी त्यानं काडी पेटवून तंगूस तोडला होता तेव्हा टोकाला असाच मणी आला होता.

तात्याच्या बोटांतली विडी त्याला तेव्हा आठवली. आठवली आणि त्यानं ती मनातून हाकलून दिली. बापाबद्दल असं मनात आणायचं म्हणजे काय?

पुढच्या रविवारी त्यानं घरीच सगळा तंगूस स्वतः तपासला. एक डाग नव्हता. डोहावर तो तात्याच्या हातात दिला, परत घेतला आणि पाठमोरा होऊन बोटांतून फिरवला. दोन ठिकाणी बोट अडलं.

त्या दिवशी त्यानं गळ टाकलाच नाही. "डोकं दुखतंय" म्हणून घरी आला आणि परसात शेणी थापणाऱ्या शकूपुढं दोरा धरला. तिनं डागाकडं बघितलं, आश्चर्य काही तिच्या तोंडावर आलं नाही.

"तुला ठाऊक होतं?"

"व्हय," ती हळूच म्हणाली. "आईनं डोहाला नवस बोललाय. माझी कूस उजवंपातुर माशांना खाऊ घालायचं, घरातल्या कुनी त्यांना मारायचं न्हाई."

"मग मला सांगायचं. मी काय माझ्याच लेकराच्या नवसावर गळ टाकला असता?"

"सांगायचं कसं? जावयाला न्हाई म्हनायचं असतं का? तुमी रुसून गेला असता मंजी? तात्या म्हनलं, चार येळा तुटंल, मग आपसूक कंटाळतील."

म्हणजे दर रविवारी सासू गळासाठी भाकरीचा पापुद्रा काढून देत होती तेव्हा तिला ठाऊक होतं. शकू धीर देत होती तेव्हा तिला ठाऊक होतं. आणि तात्यानं मनगट धरलं तेव्हाही. सगळ्या घरानं मिळून त्याला खेळवला होता. मासा गेल्याचं त्याला काही नव्हतं, त्याला ते मनगट आता परक्याचं वाटायला लागलं होतं.

तरी माणूस आशेला चिवट. दिवेलागणीला ताटं वाढली गेली तेव्हा तो मुद्दाम, जरा गुर्मीतच, म्हणाला, "तात्या, आता मी रोज कारखान्यातनं आलो की डोहावर जाणार. तो मोठा कटला मारल्याबिगार राहणार न्हाई."

गवराबाईच्या हातातली पळी थांबली. हिंदुराव तात्याच्या तोंडाकडं बघत राहिला. ओरड, तो मनात म्हणत होता. नवस हाय म्हण. गाढवा म्हण, थोबाडीत मार, मी पाय धरीन आणि काठी मोडून चुलीत घालीन.

तात्याच्या कपाळाची शीर उठली. तोंड उघडलं, काहीतरी ओठांपर्यंत आलं. मग तो हसला.

"जावा की पाव्हणं," तो म्हणाला. "तुमाला कोन न्हाई म्हनतंय? आना तो तंगूस हिकडं, तपासून ठेवतो."

हिंदुरावानं उठून खुंटीवरचा तंगूस काढला आणि त्याच्या हातात दिला. मग भरलं ताट तसंच टाकून तो बाहेर निघाला. खाली बस आणि जेव, असं त्याला दटावायला घरातलं कुणी धजलं नाही. जावयाशी तसं बोलत नाहीत.