पाठीमागचं दार

धाकट्याचा फोन दुपारी आला तेव्हा ताई पार्किंगचा नकाशा काढत होती. एका वास्तुविशारदाच्या ऑफिसात ती गेली कित्येक वर्षं हेच करत होती. इमारतींचे दर्शनी भाग साहेब काढायचे. पार्किंग, संडास आणि पाण्याच्या टाक्या ताईच्या वाट्याला यायच्या.

"ताई, आज संध्याकाळी येतेस? गेम खेळून बघायला ज्याला बोलावलं होतं तो आलाच नाही. ज्याने आयुष्यात गेम खेळला नाही असाच माणूस हवाय."

"म्हणजे मी."

"म्हणजे तू," धाकटा हसला.

ताईला बरं वाटलं. भावाने आपलं काम दाखवायला बोलवावं, यात बरं न वाटण्यासारखं काय आहे? संध्याकाळी घरी जाऊन तिने साडी बदलली, पावडर लावली आणि गेली.

धाकट्याच्या त्या गेम बनवणाऱ्या ऑफिसात एक नियम काटेकोर पाळला जायचा. खेळणारा पुढे बसणार, बनवणारे त्याच्या मागे खुर्च्या टाकून बसणार, आणि खेळ संपेपर्यंत तोंडाला कुलूप. खेळणारा अडला, चिडला, रडकुंडीला आला तरी इशारा द्यायचा नाही. तो कुठे अडतो हेच तर बघायचं असतं.

तिथल्या मुख्य बाई ताईच्या हातात कंट्रोलर देत म्हणाल्या, "या घरातून बाहेर पडायचंय, एवढंच. आजवर एकालाही दार सापडलेलं नाही. सगळं घर तुमच्या भावाच्या डोक्यातून निघालंय बरं का. आम्ही फक्त रंग दिले."

पडद्यावर घर उजळलं आणि ताई खुर्चीत पुढे सरकली.

खेळातला भिडू म्हणजे एक पांढरी गोल चकती होती, मधोमध दोन भोकं असलेली. ते शर्टाचं बटण होतं. धाकट्याला लहानपणी टायफॉइड झाला, महिनाभर अंथरुणातून उठायची बंदी होती, तेव्हा ताईने चौकटीच्या कागदावर त्याच्यासाठी घर काढायला घेतलं होतं. रोज शाळेतून आली की एक नवी खोली. बाकीच्या मुली अंगणात खेळायच्या आणि ही आपली कागदावर डोकं खुपसून बसलेली. वडिलांच्या शर्टाचं तुटलेलं बटण हा भिडू. ते खोल्याखोल्यांतून सरकवत धाकट्याने बाहेरची वाट शोधायची. सापडली नाही की तो भोकाड पसरायचा, "सांग ना गं ताई!" आणि ताई म्हणायची, "मी सांगितलं तर तुझं काय राहिलं? शोध तूच."

आता तेच घर समोर होतं. उलटा जिना तोच, पाण्याने भरलेली खोली तीच. आरशांच्या खोलीत एक आरसा खोटा होता, तोही जिथल्या तिथे. रंग फार सुंदर दिले होते. ताईचे डोळे भरून आले. तिला वाटलं, लबाडाने किती जपून ठेवलंय सगळं. आता खेळ संपला की सगळ्यांसमोर सांगेल. त्यासाठीच तर बोलावलंय, न आलेल्या माणसाची थाप मारून.

कंट्रोलर धड धरताही येत नव्हता तिला. बटण दोनदा भिंतीवर आपटलं. मग तिने ते सावकाश मागे वळवलं. सगळे पुढच्या खोल्यांकडे धावतात; आपण जिथे उभे आहोत तिथे पाठीमागे काय आहे हे कुणी बघत नाही. तिथल्या भिंतीत एक वीट किंचित पुढे आलेली होती. धाकट्याला ती सापडायला महिना लागला होता, आणि सापडली त्या दिवशी तो ताप विसरून अंथरुणात उभा राहिला होता.

तिने बटण त्या विटेवर नेलं आणि दार उघडलं. बटण बाहेर पडलं.

मागे खुर्च्या करकरल्या. मुख्य बाई नियमबियम विसरून पुढे आल्या. "अहो, तुम्हाला कसं कळलं?"

हे सांगायचं काम ताईचं नव्हतं. तिने मान वळवून धाकट्याकडे पाहिलं, आणि लहानपणी पाहायची तशीच थांबली. शोध तूच.

धाकट्याचा चेहरा पांढरा पडला होता. तेव्हा तिला कळलं की थाप नव्हतीच. माणूस खरंच आला नव्हता. बहीण सगळं विसरली असेल, एवढंच याने गृहीत धरलं होतं.

"नवखे लोक काहीही दाबतात," तो म्हणाला. "लागलं नशिबाने."

"नशिबाने कसं? ह्या सरळ वळल्या," मुख्य बाई म्हणाल्या. "पहिल्यांदा खेळणाऱ्याला इतक्या पटकन सापडत असेल तर दार फारच सोपं झालं."

"हो ना," धाकटा घाईघाईने म्हणाला. "काढून टाकू. तिथे साधी भिंत करतो. शेवट वरच्या मजल्यावर नेऊ, मारामारी टाकू थोडी."

चोरी एक वेळ ताईने पोटात घातली असती. भावाने बहिणीचं घ्यायचं नाही तर कुणाचं? पण चोरी लपवायला याने घरातली एकुलती एक शहाणी गोष्ट बुजवायला काढली, आणि तीही तिच्या देखत. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि पर्स उचलली.

लिफ्टपर्यंत तो मागे आला. "ताई, मुद्दाम केलंस ना?"

"तू मला खेळायला बोलावलं होतंस. मी खेळले."

"रागावू नकोस गं. गेमच्या शेवटी नावं येतात ना, त्यात आभारात टाकतो तुझं. 'कुटुंबीय' म्हणून. मुख्य बाईंना मी पटवतो."

"बिनदाराच्या घराला माझं नाव नको," ताई म्हणाली. "कुठेच टाकू नकोस."

तिला वाटलं, निदान आता तरी तो वाद घालेल, हात धरेल, नाही गं म्हणेल. लिफ्टचं दार सरकलं. "बरं, तू म्हणशील तसं," धाकटा म्हणाला, आणि त्याचा जीव भांड्यात पडलेला तिला स्वच्छ दिसला.