तिसऱ्या गाण्यातला बेस

नाहिदने व्हिडिओ अंगठ्याने मागे ओढला आणि मोबाईल कानाला लावला. मग पुन्हा मागे ओढून डोळ्यांसमोर धरला. काउंटरपलीकडे एक बाई खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन उभी होती.

"किती वेळा द्यायचं हे?"

"तीन वेळा. जेवल्यावर," नाहिद म्हणाली. नजर स्क्रीनवरच होती.

बाई गेली. नाहिदने मेडिकलचं शटर अर्ध्यावर ओढलं, मागच्या स्टुलावर बसली आणि हेडफोन कानात घातले.

व्हिडिओ शनिवारचा होता, अंकुशनगरच्या कॉलनीतल्या गणपतीपुढे झालेल्या कार्यक्रमाचा. तिसऱ्या गाण्यात दुसऱ्या कडव्याच्या शेवटी गाणारा मुबारक शेवटचा शब्द लांबवून मागे सरकतो आणि गाण्यात एक रिकामी जागा पडते. तेवढी जागा नाहिदची होती. तिने ती मागून घेतली होती. डावा हात बेस गिटारच्या मानेवरच्या पट्ट्यांवरून, तिसऱ्या फ्रेटवरून थेट बाराव्यावर सरकवत न्यायचा, तिथून पाच सूर उतरायचे आणि पाचव्याला ड्रमच्या ठोक्यावर बरोबर मूळ सुरावर, जमिनीवर यायचं. तिचा पंजा लहान, बेसची मान लांब. करंगळी तिथवर पोचेना म्हणून ती गिऱ्हाईक नसलं की काउंटरच्या कडेवर बोटं ताणत बसायची. उन्हाळाभर बसली होती.

व्हिडिओत तिचा हात वर गेला. आवाज मात्र वर गेला नाही. तो खालीच, एका सुरावर, पिठाच्या गिरणीच्या पट्ट्यासारखा धबधब चालत राहिला. तिची बोटं पाच सूर उतरून आली. त्यातला एकही सूर कानात आला नाही.

शिवाय हा आवाज तिचा नव्हताच. तिने तारा मुद्दाम गुळगुळीत लावल्या होत्या, बोट घासल्याची खरखर होऊ नये म्हणून. तारा जिथे टेकतात त्या ब्रिजजवळ तारांखाली स्पंजचा तुकडा सरकवला होता. तिला तसाच आवाज हवा होता, जाड आणि दबका, भिंतीपलीकडे कुणी समजुतीचं बोलतंय असा. कानात वाजत होता तो चकचकीत, एकसारखा, कुठेही न चुकणारा. तिला आठवलं, शनिवारी स्टेजवर मोठ्या स्पीकरांतून घुमून येणारा तो आवाज ऐकून आपण हरखलो होतो. आज आपण केवढे मोठे वाजतोय, असं वाटलं होतं. सकाळपासून तीन-चार गिऱ्हाइकांनी सांगितलं होतं, ताई, काय बेस होता, छाती हलली. आणि ती हसून मान डोलावत होती.

तिने हेडफोन काढून गल्ल्यावर आपटले.

संध्याकाळी ती काकासाहेबाकडे गेली. अंबडमधल्या निम्म्या कार्यक्रमांना स्पीकर त्याचेच असत. मार्केटमागच्या गोदामात तो कोपर आणि पंजा यांच्यामध्ये वायर गुंडाळत उभा होता.

"शनिवारी माझ्या बेसची लाईन चालू होती का?" तिने विचारलं.

"ताई, तुमच्या सरांनाच विचारा ना."

"मी तुम्हाला विचारून राह्यले."

काकासाहेबाने वायरचा आणखी एक वेढा घेतला. "खाली होती."

"किती खाली?"

"बंदच म्हणा." आता तो थांबला. "सरांनी सुरू व्हायच्या आधीच सांगितलं. म्हणले, बेस लॅपटॉपमधून येतोय, मॅडमची लाईन घेऊ नका, घूं करती. मी स्टेजवाल्याचं ऐकतो. आपल्याकडं बेस म्हंजे लोकांना डीजेचाच लागतो. कोण वाजवतंय हे कोण बघतं?"

"घूं केली का तिनं?"

"घेतलीच न्हाई तर घूं कुठून करीन?"

नाहिदने स्कूटीला किल्ली लावली.

घूं. गेल्या वर्षी तिच्या बेसमधून ती यायची, खरं होतं. औरंगाबादहून जुना घेतलेला बेस. तारांवरून हात उचलला की मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज. तिने स्वतः मागचं झाकण उघडून आत सगळीकडे तांब्याचा पत्रा चिकटवला होता, सुटलेली वायर डागून घेतली होती. त्यानंतर तो बेस असा गप्प झाला की सोमेश्वर सरांनी तालमीत अॅम्पला कान लावून 'वा' म्हटलं होतं. त्याच सोमेश्वर सरांनी.

बँड सोमेश्वर सरांचा. अकरावी-बारावीचे क्लास घेणारा माणूस, गिटार बऱ्यापैकी वाजवायचा आणि क्लासच्या वरच्या खोलीत रविवारी दुपारी तालीम ठेवायचा. गाणारा मुबारक नाहिदच्या मामाचा मुलगा. लग्नाच्या घरी सगळ्या बहिणी गाणं म्हणत तेव्हा नाहिद गाण्याखालून वेगळंच काही गुणगुणायची, हे त्यानेच सरांना सांगितलं होतं. आणि ड्रमवर बिभीषण, साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये कामाला असलेला, नाहिदपेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. लॅपटॉपमधून फक्त बासरी आणि व्हायोलिन यायचं, असं चौघांत ठरलं होतं. त्याच्याशी ताल जुळावा म्हणून बिभीषणच्या कानात लॅपटॉपच्या इअरफोनची वायर असे.

ही वायर नाहिदला वाटेतच आठवली, आणि स्कूटीचा वेग आपोआप कमी झाला. कानात वायर होती म्हणजे बिभीषणला ऐकू येत होतं.

पुढच्या रविवारी ती तालमीला पोचली तेव्हा सर गिटार लावत होते, बिभीषण झांजेचा स्क्रू आवळत होता आणि मुबारक खिडकीत बसून चहा पीत होता. तिने बेस पिशवीतून काढला नाही. पिशवी भिंतीला टेकवली.

"सर, तिसरं गाणं लावा. लॅपटॉपमधलं. बाकी सगळं बंद करा, फक्त बेस ठेवा."

सरांचा हात गिटारच्या खुंटीवरच राहिला. त्यांनी मुबारककडे पाहिलं. मुबारकने कपात पाहिलं. नाहिदला याहून जास्त काही विचारायची गरज उरली नाही.

"बसा मॅडम. बोलू."

"उभीच बरी हाय."

सर पोरांना गणित समजावतात त्या आवाजात बोलू लागले. "हे बघा. उघडं मैदान होतं. साउंड भरवशाचा नाही. ऐन वेळी काही झालं असतं तर? बेस हलला की सगळा बँड हलतो. म्हणून मी मागे एक सोय करून ठेवली."

"मंग मला सांगायचं. मी घरी बसले असते."

"घरी कशाला? तुम्ही स्टेजवर असलात की फरक पडतो. लोक बघतात. अख्ख्या तालुक्यात बेस वाजवणारी लेडीज दुसरी कोण आहे?"

सरांना हे कौतुकच वाटत होतं, हे तिला दिसत होतं. उन्हाळाभर ताणलेली बोटं तिने मुठीत आवळली. आपण शोभेच्या बाहुलीसारख्या उभ्या होतो. हातात लाकडाची फळी दिली असती तरी चाललं असतं.

"जाने दे ना नाहिद," मुबारक खिडकीतून म्हणाला. "प्रोग्राम तो अच्छा हुआ ना? किसकू मालूम पडा?"

"मेरेकू पडा," ती म्हणाली.

मुबारकने कप खाली ठेवला.

"आणि खरं सांगू का," सर म्हणाले. आता त्यांच्याही आवाजाला धार आली होती. "गोंधळ तुमच्यामुळे नाही झाला. या बिभीषणने घातला. त्याच गाण्यात ट्रॅक सोडून भलतंच वाजवलं. नशीब, लोकांना ते तसंच आहे असं वाटलं."

बिभीषणने स्क्रूवरून हात काढला. "गोंधळ न्हाई सर."

"मग काय होतं ते?"

"ताई वर गेल्त्या. मी त्यांच्यासंगं खाली आलो." तो झांजेकडे पाहत बोलत होता. "कानात एक चालू होतं अन् त्यांचा हात दुसरंच करीत होता. मी कानातली वायर काढली. हाताकडं बघून वाजवलं."

नाहिदला तो क्षण स्वच्छ आठवला. पाचव्या सुरावर ती उतरली तेव्हा मागून ड्रमचा ठोका नेमका तिच्याबरोबर पडला होता. तालमीत कधी इतका नेमका पडला नव्हता. शनिवारच्या रात्री झोप येईपर्यंत ती तेवढंच आठवत पडली होती. म्हणजे तेवढं तरी खोटं नव्हतं.

पण ती बिभीषणकडे वळली तेव्हा तिचा आवाज सरांशी बोलताना होता त्याहून खाली गेला होता.

"म्हंजे तुला माहीत होतं. दुसरा बेस हाय, हे पहिल्या गाण्यापासून माहीत होतं."

"व्हय."

"दोन गाण्यांच्या मधी पाणी प्यायला मी तुझ्यापाशी आल्ते. बाटली तूच दिली."

"व्हय."

"मंग बोलला का न्हाईस?"

बिभीषणने मान वर केली. तो काहीतरी कारण सांगेल असं सगळ्यांनाच वाटलं. सरांनाही.

"भ्यालो," तो म्हणाला. "सर काढून टाकतील म्हणून."

सरांवरचा राग सोपा होता; तो तोंडावर फेकून मोकळं होता येत होतं. मुबारकचा तर तिला राग यायचाही कंटाळा आला होता. लहानपणापासून तो असाच. बिभीषणचा राग मात्र कुठे ठेवावा कळेना. सरांची वाक्यं घरी जाईपर्यंत विसरता आली असती. हा एक शब्द तिच्याबरोबर येणार होता.

"तुमच्या बासरी-व्हायोलिनसंगं आता बाई पण लॅपटॉपमधूनच आणा," ती सरांना म्हणाली. तिने पिशवी खांद्याला लावली आणि जिना उतरली.

आठवडाभराने सरांचा निरोप आला. पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या नवरात्रात कार्यक्रम आहे, तुमच्याबद्दल विचारणा होते आहे, या वेळी तुमची लाईन घेऊ, निदान एका गाण्यापुरती. नाहिदने तो निरोप उभ्याउभ्या वाचला. एका गाण्यापुरती हे शब्द तिने दोनदा वाचले, मग बँडच्या ग्रुपमधून बाहेर पडली आणि गोळ्यांची पाकिटं लावू लागली. ती इतक्या जोरात लावत होती की मालकांनी आतून विचारलं, काय पडलं का?

बेस पलंगाखाली गेला. बोटं मात्र ऐकेनात. काउंटरच्या कडेवर ती आपोआप ताणली जात. ते ध्यानात आलं की ती हात मागे घेई, आणि दिवसभर कुणाशी धड बोलत नसे. एका गिऱ्हाइकाने बेसचं पुन्हा कौतुक केलं तेव्हा ती म्हणाली, "तो माझा नव्हता." त्याला काहीच समजलं नाही.

दुकानाला सुट्टी होती त्या दुपारी दारात मोटारसायकल थांबली. नाहिदची आई ताहेराबी दार उघडायला गेली आणि परत येऊन म्हणाली, "वो ढोलवाला लडका आया है. एकच ढोल लेके आया."

बिभीषण उंबऱ्याबाहेर उभा होता. मागच्या सीटवर दोरीने एक ड्रम बांधलेला.

"काय काम हाय?" नाहिदने विचारलं.

"ते पाच सूर," तो म्हणाला. "त्या दिशी बघून वाजवले. ऐकले न्हाई. तुमच्या अॅम्पचा आवाज माझ्यापर्यंत आलाच न्हाई. ऐकायचे होते."

"पिंपळगावला ड्रम कोण वाजवणार?"

"सरांनी दुसरा बघितलाय."

त्याने स्वतःहून सोडलं की सरांनी काढलं, हे तिने विचारलं नाही. त्यानेही सांगितलं नाही. त्याला 'ये' म्हणावं इतका तिचा राग उतरला नव्हता, आणि 'जा' म्हणायला तोंड उघडेना.

"चप्पल बाहेर काढ," ती शेवटी म्हणाली. "अन् बोलायचं न्हाई. माफी-बिफी काही न्हाई. वाजवायचं."

पुढच्या खोलीत दिवाण सरकवून जागा केली. तिने पलंगाखालून बेस ओढला, ओढणीने धूळ पुसली, तारा जुळवल्या. तिचा छोटा अॅम्प कोपऱ्यात घुमला. बिभीषण वेताच्या मोड्यावर बसला, ड्रम गुडघ्यांत धरून. तिने मोजून सुरुवात केली.

चार ठोक्यांतच ती थांबली.

"जल्दी करून राह्यलास. परत."

तो परत लागला. ती परत थांबली. "माझ्या बोटाकडं बघू नको. कान दे."

त्याने डोळे भिंतीकडे वळवले. तिने त्याला एकदाही बरं म्हटलं नाही. चुकला की थांबवलं, नाही चुकला तरी थांबवलं. त्याच्या कपाळावरून घाम उतरत होता, तिच्या बोटांची टोकं लाल झाली होती, आणि दोघांपैकी कुणी पाणी मागितलं नाही. आता तिचा हात बाराव्या फ्रेटवर गेला तेव्हा आवाजही वर गेला. पाच सूर उतरले. ठोका किंचित मागे पडला.

ताहेराबी स्वयंपाकघराच्या दारात येऊन टेकली. तिच्या हातात अर्धी निवडलेली मेथी होती. तिने थोडा वेळ ऐकलं, मुलीच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्या पोराकडे.

"अच्छा है," ती म्हणाली. "पर गाना कब शुरू होगा?"

बिभीषणने हात थांबवून नाहिदकडे पाहिलं. नाहिद करंगळीचं पेर दाबत होती.

"थांबलास कशाला?" ती म्हणाली. "पहिल्यापासून घे."